नऊशे चाळीस पिना

१

सोमवारी सकाळी पावणेनऊला फोन वाजला तेव्हा यशोधरा खरात शेजाऱ्यांच्या टीव्हीचा रिमोट उघडून बसली होती. पलीकडून आठल्येसाहेब बोलत होते.

"यशोधराबाई, बदलापूरला येता का? आत्ता."

यशोधराने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या फॅक्टरीत तिने चोवीस वर्षं या माणसाच्या हाताखाली माल जोडण्यात आणि तपासण्यात काढली होती. संप झाले, लाइन बंद पडली, शेवटी फॅक्टरीला कुलूप लागलं, पण साहेबांच्या तोंडून 'आत्ता' असा शब्द तिने कधी ऐकला नव्हता.

"काय झालं, साहेब?"

"व्हेगाची चिप गेली. डबी जागेवर आहे, आत चिप नाही."

२००६ सालचा डिसेंबर होता तो. ओरियन आणि व्हेगा या दोन परदेशी कंपन्यांची तेव्हा चांगलीच जुंपली होती. दोघीही कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे प्रोसेसरची चिप, बनवायच्या. एकीने नवा काढला की सहा महिन्यांत दुसरी त्याच्यावर कडी करायची. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या दुकानदारांत यावरून सरळ दोन तट पडले होते. ओरियनवाला व्हेगावाल्याच्या दुकानात चहासुद्धा प्यायचा नाही. आणि या खेपेला दोघींचे नवे प्रोसेसर एकाच सुमाराला यायचे होते. व्हेगाचा येत्या शुक्रवारी, ओरियनचा त्यानंतरच्या सोमवारी.

बाजारात येण्याआधी कंपन्या मोजक्या परीक्षकांना एकेक नमुना देत. फॅक्टरी बंद झाल्यापासून श्रीपाद आठल्ये एका मराठी मासिकात प्रोसेसरच्या चाचण्या लिहायचे. ते कुणाचे मिंधे नसत, म्हणून त्यांचा शब्द पार नागपूरपर्यंत चालायचा. दोन्ही कंपन्यांनी आपापला नमुना त्यांच्याकडे पाठवला होता. व्हेगाची अट कागदावर लिहिलेली होती: शुक्रवारपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, आणि गुरुवारी सकाळी नमुना जसा दिला तसा परत करायचा.

दहाच्या आत यशोधरा बदलापूरला पोचली. दार पद्मजावहिनींनी उघडलं. डोळे सुजलेले. आत साहेब खिडकीशी उभे होते, उजवा हात पॅन्टच्या खिशात घालून.

"पोलिसांत जाऊ शकत नाही," ते म्हणाले. "गेलो तर गावभर होईल. आणि कंपनीला कळलं की हा माणूस वस्तू सांभाळू शकत नाही, तर माझं काम संपलं. तुम्ही आयुष्यभर बारीकातला बारीक दोष शोधलात. एवढा एक शोधा."

"काल इथे कोण कोण आलं होतं?"

साहेबांनी बोटांवर मोजलं नाही. आवाज मात्र खाली आला.

"दुपारी मी चिप डबीत ठेवली. त्यानंतर तीन माणसं माझ्या कामाच्या टेबलापाशी आली. चारला कॅम्प तीनचा दुकानदार टेकचंद, सहाला व्हेगा कंपनीचा माणूस, यज्ञेश. आणि तिसरी माझी मुलगी. यशोधराबाई, इरा ओरियनच्या ठाण्याच्या ऑफिसात नोकरीला आहे."

२

टेबल मागच्या बंद केलेल्या गॅलरीत होतं. यशोधराने पर्समधून आपलं जुनं भिंग काढलं. बायका पर्समध्ये आरसा ठेवतात, ही भिंग ठेवायची.

टेबलावर सगळं जागच्या जागी होतं. ओरियनची चिप तिच्या डबीत सुखरूप होती. पोट सपाट, त्यावर नुसते सोनेरी ठिपके. शेजारी व्हेगाची डबी उघडी पडलेली. व्हेगाच्या चिपची रचना वेगळी होती, ते साहेबांनी सांगितलं. चौकोनी बिस्किटाएवढी चिप, आणि तिच्या पोटाखाली केसासारख्या बारीक नऊशे चाळीस पिना. त्या पिनांना धक्का लागू नये म्हणून डबीत काळा फोम घातलेला असतो. पिना त्यात रुतून बसतात.

"चाचण्या पूर्ण झाल्या होत्या?"

"काल सकाळी. सगळे आकडे या वहीत आहेत."

यशोधराने वही उघडली. दोन्ही चिपांचे आकडे शेजारी शेजारी, ज्यासाठी अख्खा कॅम्प तीन जीव टाकत होता. वही उघड्यावर होती आणि एकही पान फाटलेलं नव्हतं. तिने पानं मागे उलटली, मग पुढे. दिवाळीच्या सुमाराचं अक्षर टपोरं होतं, फॅक्टरीत असायचं तसं. पुढे पुढे ते बारीक होत गेलेलं. कालच्या पानावर तर मुंग्यांची रांग चालल्यासारखं.

"आणि चिप चालवायला लागतो तो खास बोर्ड?"

"हा काय, समोरच आहे. पंखा काढला, चिप काढली, डबीत ठेवली. संपलं."

तिने डबीतल्या फोमवर भिंग धरलं आणि बराच वेळ पाहत राहिली. फोमवर भोकांच्या रांगा होत्या, कंगव्याने आखल्यासारख्या सरळ. फक्त डावीकडच्या कोपऱ्यात तीन-चार रांगा बिघडल्या होत्या. तिथे भोकं नव्हती, तिरपे ओरखडे होते.

तिने डबी होती तशी ठेवली. फॅक्टरीतली शिस्तच तशी होती, पूर्ण माल बघितल्याशिवाय शेरा मारायचा नाही.

वहिनींनी चहा आणला. साहेबांनी कप डाव्या हाताने उचलला. कप अर्धाच भरलेला होता. यशोधराचा मात्र काठोकाठ.

निघताना वहिनी तिला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. "यशोधराताई, इरावर संशय घेऊ नका हो. कालपासून पोर नीट जेवली नाही. माझ्यावरच उखडली. मी एवढंच म्हटलं की माझ्या सुडोकूच्या पेन्सिलीत लीड नाही, शनिवारी तर भरली होती मी. तर म्हणाली, आई, जगात तेवढंच आहे का तुला?"

यशोधरा एक पायरी उतरून थांबली.

"पेन्सिल कुठे सापडली, वहिनी?"

"इराच्या उशीखाली. का हो?"

३

कॅम्प तीनमध्ये दुपारी शेअर रिक्षातून उतरलं की जीन्सच्या शिलाईमशिनींचा आवाज कानात भरतो. त्या गल्लीतून पुढे गेलं की टेकचंदचं दुकान. काउंटरवर कीबोर्डची चळत, मागे कॉम्प्युटरच्या मोकळ्या पेट्यांचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी टेकचंद पापड खात बसलेला.

"अदी, बैठो!" सिंधीत थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो यशोधराला म्हणायचा. फॅक्टरीच्या काळापासून ओळख. "चाय बोलू?"

यशोधराने आडवळण घेतलं नाही. टेकचंद बडबड्या होता, पण पोटात ठेव म्हटलं की ठेवणारा. तिने काय ते सांगितलं. टेकचंदच्या हातातला पापड तसाच राहिला.

"आणि तू माझ्याकडे आलीस. बरोबर आहे. मी ओरियनचा माणूस, सगळ्या मार्केटला ठाऊक आहे. काल आठल्येसाबकडे गेलो, पूछा पण, कौन जीता? साब बोलले, टेकचंद, मासिक वाच." तो हसला, मग हसू गिळलं. "पण सुन. ती चिप घेऊन मी करू काय? तिला लागणारा बोर्ड अख्ख्या कॅम्पमध्ये नाय. बोर्डाशिवाय ती चिप म्हणजे गाडीशिवाय नुसती घंटी. देव्हाऱ्यात ठेवू? मला पायजे होते आकडे. वही तर समोर पडली होती."

"वाचलीस?"

"साब पाणी आणायला आत गेले तेव्हा हात गेला माझा." टेकचंदने कान पकडला. "खोटं नाय बोलणार. गेला आणि परत आला. अदी, तो आदमी मला तोंडावर सांगतो की तुझा माल भंगार आहे. म्हणून तर गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. त्याच्या घरात मी चोरी करू?"

यशोधराला ते पटलं. खोटं बोलणारा माणूस आपला हात गेला होता हे कशाला सांगेल?

ती उठली तेव्हा टेकचंद स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आज सगळे व्हेगाच्याच मागे. सकाळी शटर वर करतोय तर ती इरा उभी."

"इरा? इथे?"

"हां. बोलली, अंकल, व्हेगाची एखादी मेलेली चिप द्या. जळालेली, कचऱ्यातली, कसली पण. मी दिली. बच्ची रडायच्या घाईला आली होती, कशाला पायजे ते विचारलं नाय."

४

मेलेली चिप कशाला लागते माणसाला?

घरी परतताना यशोधराच्या डोक्यात एकच उत्तर येत राहिलं, आणि ते तिला आवडत नव्हतं. खरी चिप लंपास करायची आणि डबीत मेलेली ठेवून द्यायची. ओरियनच्या ऑफिसातल्या मुलीला व्हेगाचा न आलेला प्रोसेसर आपल्या वरिष्ठांसमोर नेऊन ठेवता आला, तर बढतीच.

रात्रीच्या भाकरी थापताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, जळका बल्ब कुणी मागून नेला तर तुम्हाला काय वाटेल?"

बबनराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "वाटेल, त्याची होल्डरमध्ये बसायची टोपी पाहिजे असेल. जळकी तार कोण नेतो?"

तव्यावरची भाकरी करपली तरी यशोधराचं लक्ष नव्हतं.

मंगळवारी सकाळी ती चिखलोलीला गेली. यज्ञेश तिथल्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायचा. नुकतं लग्न झालेलं, घरात अजून रंगाचा वास. साहेबांनी गुरुवारची वेळ विचारायला पाठवलंय, एवढंच तिने सांगितलं. तेवढं खोटं तिला बोलावं लागलं.

"दहाला येईन," यज्ञेश म्हणाला. मग चाचरत, "मावशी, सरांनी काही... म्हणजे आकडे कसे आले, काही म्हणाले का? आमचा प्रोसेसर फार तापतो, अशी बाहेर कुजबुज आहे. सरांनी वाईट लिहिलं तर माझी इथली नोकरी कठीण होईल. रविवारी त्यासाठीच गेलो होतो. सर म्हणाले, चांगला असेल तर चांगला लिहीन."

चिप नाहीशी व्हावी असं वाटायला याच्याकडेही कारण होतं तर. यशोधराने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. भीती होती, लबाडी नव्हती. गुरुवारी चिप मिळणार हे तो गृहीत धरून बोलत होता.

"गेल्या शुक्रवारी तू चिप दिलीस, तेव्हा ठीक होती ना रे?"

"एकदम. मीच तर बसवली बोर्डवर."

"तू? साहेबांनी नाही?"

"मलाही नवल वाटलं. सरांचा हात म्हणजे काय, तुम्हाला माहीत. पण म्हणाले, तुमची वस्तू आहे, तूच बसव. आणि पूर्ण वेळ हात खिशात घालून उभे राहिले."

यशोधरा बिल्डिंगखालच्या कट्ट्यावर येऊन बसली. डोळ्यांसमोर फॅक्टरीतले आठल्येसाहेब होते. नवीन मुलगी सोल्डरिंगला घाबरली की तिच्याजवळ स्टूल ओढून बसायचे, आणि एक थेंब न सांडता उजव्या हाताने करून दाखवायचे. आता खिशात असलेला तो हात. डाव्या हाताने उचललेला अर्धा कप. मुंग्यांसारखं अक्षर.

मग बाकीचं आपोआप जागेवर बसत गेलं. आकडे हवे असते तर वही गेली असती. चिप चालवायची असती तर बोर्ड गेला असता. किमतीसाठी चोरी असती तर ओरियनचीही गेली असती. गेली फक्त पिनांची चिप. आणि फोमवरचे ओरखडे सांगत होते की डबीत ठेवतानाच त्या पिना वाकलेल्या होत्या. डबीत ठेवली कुणी? ती फक्त साहेबांनी.

वाकलेली पिन सरळ कशी करतात हे यशोधराला कुणी सांगायची गरज नव्हती. लीड काढलेल्या पेन्सिलीचं पोकळ टोक पिनेवर चढवायचं आणि हलकेच उभं करायचं. फॅक्टरीत तिने ते शेकडो वेळा केलं होतं.

आणि मेलेल्या चिपमध्ये जिवंत काय उरतं? पिना.

समोरच्या पीसीओवरून तिने इराला फोन लावला. "इरा, आज ऑफिसातून बदलापूरला जायच्या आधी अंबरनाथला उतर. माझ्याकडे ये."

"का, मावशी?"

"किती वाकल्या होत्या ग?"

"येते मी," एवढंच इरा म्हणाली.

५

इरा साडेपाचलाच आली. यशोधराने तिला आधी पोहे दिले. ते संपेपर्यंत एक प्रश्न विचारला नाही. बबनराव काही न विचारता चपला घालून कोपऱ्यावर गेले.

मग इराने पर्समधून कानातल्यांची डबी काढली. आत मखमलीवर व्हेगाची चिप होती, पोट वर करून.

"सव्वीस वाकल्या होत्या," ती म्हणाली. "रविवारी बाबा झोपले होते. मी फक्त बघायला गेले, मावशी. शपथ. आमच्या ऑफिसात सहा महिने हिच्याबद्दल बोलतात, आणि ती माझ्याच घरात होती. उचलली, उलटी केली, आणि..." तिने ओठ दाबला. "पंख्याखालच्या पेस्टमुळे त्यालाच चिकटून आली असणार. बाबांनी तिरपी ओढली. त्यांना कळलंसुद्धा नाही. तशीच दाबून डबीत ठेवली."

"त्यांचा हात कधीपासून?"

"गणपतीपासून. जेवताना आमटी सांडते. आई वाटी अर्धी भरते आणि म्हणते, आज आमटी कमीच झाली. बाबा म्हणतात, बरं झालं, मला भूक नाही. मी बघते आणि गप्प बसते. आम्ही तिघं रोज असंच जेवतो." इराने डोळे पुसले. "त्यांना तेवढाच एक अभिमान आहे, मावशी, हातांचा. म्हटलं, कुणाला कळायच्या आत सरळ करते आणि ठेवते. पंचवीस झाल्या. सव्विसावी तुटली."

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"कोण विश्वास ठेवणार? व्हेगाची चिप मोडली, आणि घरात ओरियनची मुलगी. यज्ञेशच्या कंपनीने म्हटलं असतं, मुलीनेच मोडली. बाबांनी पोटच्या मुलीला वाचवायला आकडे बदलले, असंही म्हटलं असतं. त्यांनी इतकी वर्षं जे नाव कमावलं..."

यशोधराने भिंग लावलं. पंचवीस पिना खरंच सरळ होत्या. नवशिक्या हाताच्या मानाने काम सुरेख होतं. कोपऱ्यातल्या एका जागी नुसता सोनेरी ठिपका उरला होता.

"तुटलेली जोडता येईल," ती म्हणाली. "टेकचंदने दिलेल्या चिपची एक पिन काढू. पण माझ्याकडे तेवढा मायक्रोस्कोप नाही. तो तुझ्या बाबांच्या टेबलावर आहे."

इराने मान हलवली. "नाही, मावशी. प्लीज. त्यांना कळेल."

"इरा, त्यांना कळलेलंच आहे. हात त्यांचा आहे. आपल्याला कळलंय हे तेवढं त्यांना माहीत नाही. म्हणून तर तो माणूस दिवसभर खिशात हात कोंबून फिरतो. दमत असेल ग."

६

बुधवारी इराने रजा टाकली. दुपारी दोन वाजता चौघं त्या टेबलाभोवती बसली. मधोमध कानातल्यांची डबी.

आठल्येसाहेबांनी डबीकडे पाहिलं, मग मुलीकडे. चेहरा कठोर झाला. "म्हणजे तूच."

"साहेब, आधी ऐका," यशोधरा म्हणाली. "मी फॅक्टरीत शेरा लिहायचे तसा सांगते. चोरी झालीच नाही. पिना वाकलेली चिप या मुलीने दुरुस्त करायला नेली. पिना वाकल्या पंखा काढताना. आणि पंखा काढला..."

 चोवीस वर्षांत तिने साहेबांच्या कामावर एकदाही लाल शेरा मारला नव्हता.

"मी काढला," साहेब म्हणाले.

 मग साहेबांनी सावकाश उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती, जपमाळ ओढावी तशी. थांबत नव्हती.

"किती दिवस माहीत आहे तुला?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"गणपतीपासून," पद्मजावहिनी म्हणाल्या. "आरतीचं तबक तुम्ही माझ्या हातात दिलंत ना, तेव्हाच."

"बोलली नाहीस."

"तुम्ही बोलला नाहीत."

वहिनींनी आपला हात त्या हातावर ठेवला. त्यांच्या हाताखाली तो थरथरतच राहिला, पण आता तो झाकायची कुणाला घाई नव्हती. इरा उठून बाबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या डोक्यावर हनुवटी टेकून रडली. साहेबांनी डावा हात मागे नेऊन तिला थोपटलं. मग घसा खाकरून म्हणाले, "सव्विसांतल्या पंचवीस? पेन्सिलीने? बघू."

त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. "हं. दुसऱ्या रांगेतली अजून जराशी डावीकडे आहे."

"बाबा!"

"आहे तर आहे."

मग कामाला सुरुवात झाली. मेलेल्या चिपची एक पिन सोडवायला पाऊण तास लागला. ती चिमट्यात धरून जागेवर टेकवायची आणि शेजारच्या पिनांना न हलवता सोल्डरचा टाका द्यायचा, हे खरं अवघड. यशोधराने श्वास रोखला. फॅक्टरी बंद झाल्यापासूनच्या तीन वर्षांत तिच्या हातून एवढं बारीक काम झालं नव्हतं.

"आयर्न अजून तापू द्या," साहेब शेजारी स्टूल ओढून बसले होते. "आता टोक पुसा. घाई नको, यशोधराबाई. पिन टेकली? आता मी एक-दोन म्हणतो, दोनला लावा आणि लगेच उचला. एक..."

दोनला टाका बसला.

साडेचार वाजता तिनेच चिप बोर्डवर बसवली, वर पंखा लावला. इराने बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. वहिनींनी डोळे मिटून घेतले. मग एकदम पांढरी अक्षरं धावत वर आली, आणि इराच्या तोंडून, ओरियनची नोकरदार असूनही, "चालली!" अशी किंकाळी फुटली.

"आता गुरुवारी यज्ञेशला देऊन टाका, बाबा," ती म्हणाली. "कुणाला कळणारही नाही."

"कळेल," साहेब म्हणाले. "मी सांगणार आहे."

७

गुरुवारी दहाला यज्ञेश आला. साहेबांनी त्याला बसवलं, हात टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. चिप पंख्याला चिकटून आली, पिना वाकल्या, एक तुटली, जोडली, काल पुन्हा सगळ्या चाचण्या केल्या आणि आकडे तेच आले. मुलीने काय केलं आणि का केलं, तेही सांगितलं.

यज्ञेशचा चेहरा उतरला होता. "सर, हे मला वर कळवावं लागेल."

"कळवायलाच हवं. तुमची वस्तू तुम्ही दिली तशी परत जात नाही. मी लेखी देतो."

यज्ञेशने डबी हातात घेतली, पण उठला नाही. "सर, रविवारी मी विचारायला नको होतं. सहा महिने झोप नाही आमच्या ऑफिसात कुणाला. वाटलं होतं, तुम्ही थोडं सांभाळून लिहाल." मग हळूच विचारलं, "माझ्या वडिलांचाही हात असाच हलायचा. कुणाला दाखवलंत का? ठाण्याला एक चांगले डॉक्टर आहेत."

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी तोवर कागद-पेन आणलंसुद्धा होतं.

व्हेगाने पुढचे आठ महिने त्यांच्याकडे नमुना पाठवला नाही. साहेबांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. लेखात त्यांनी जे होतं ते लिहिलं: व्हेगाचा नवा प्रोसेसर ओरियनपेक्षा थोडा वेगवान आहे, पण तापतो फार. खाली एका चौकटीत नमुन्याच्या पिना आपल्या हातून कशा वाकल्या, एक कशी तुटली आणि कशी जोडली, तेही छापलं. इराच्या ऑफिसात तिला दोन दिवस टोमणे बसले. यज्ञेशच्या कंपनीने मात्र पुढच्या मालात पंखा बदलला. टेकचंदने मासिक वाचून कपाळावर हात मारला, आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यांदाच व्हेगावाल्याच्या दुकानात जाऊन चहा प्यायला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. जाणार नव्हती, तसं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मार्चमध्ये एका तिसऱ्याच कंपनीचं खोकं बदलापूरला आलं. यशोधरा आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागली. साहेब सांगायचे, ती जोडायची. कुठे पटलं नाही तर दोघं तास तास वाद घालायची आणि वहिनी आतून ओरडायच्या की जेवण गार झालं.

एप्रिलचा अंक अंबरनाथ स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर आला, तेव्हा यशोधराने तो तिथेच उभ्या उभ्या उघडला. फॅक्टरीत तिच्या हातून लाखो नग बाहेर गेले होते, पण त्यांच्यावर असायचा तो फक्त शिक्क्याचा नंबर. इथे लेखाच्या माथ्यावर दोन नावं होती. चाचणी आणि लेखन: श्रीपाद आठल्ये. त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात: जोडणी आणि तपासणी.

पुढचं नाव तिने दोनदा वाचलं. मग पर्समधून भिंग काढून तिसऱ्यांदा. बाजूच्या पीसीओवर जाऊन तिने बदलापूरला फोन लावला.

"साहेब, अंक बघितलात?"

"बघितला तर! कसा वाटला?"

"छान आहे. फक्त आडनाव बघा माझं. खरातऐवजी खराट छापलंय. एक काना लागला असता की झालाच असता खराटा."

पलीकडे साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अहो, राहू द्या की. कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"माझ्या आलंय ना," यशोधरा म्हणाली. भिंग अजून त्या नावावरच धरलेलं होतं. "पुढच्या अंकात दुरुस्ती पाहिजे, साहेब. माल पास नाही."